२०२४ चे मेटल आणि एक्सपेरिमेंटल रॉक अल्बम : इतके महिने ऐकल्यावर काय टिकलं

डिसेंबर आला की सगळीकडे वर्षातल्या बेस्ट अल्बमच्या याद्या सुरू होतात, आणि ऑक्टोबरमध्ये आलेला अल्बम त्या यादीत टाकायचा म्हणजे तो जेमतेम दोन महिने ऐकलेला असतो, तेवढ्यात काय कळणार. म्हणून तेव्हा मी काहीच लिहिलं नाही. आता संक्रांत झाली, उन्हाळा गेला, परत पाऊस लागलाय, आणि यातले काही अल्बम अजून माझ्या फोनमधून हललेले नाहीत, तर त्यांच्याबद्दल लिहितोय.

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार, ही तारीख मी विसरणार नाही. आदल्या दिवशीच घट बसलेले, नाशिकमध्ये कालिकेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडे जायची सोय नाही, आणि त्या एकाच दिवशी ब्लड इन्कँटेशन, गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, द स्माइल आणि जॉर्डी ग्रीप या चौघांचे अल्बम आले. द स्माइलचा ‘कटआउट्स’ चांगलाय, पण त्यांचा त्याच वर्षी जानेवारीत आलेला ‘वॉल ऑफ आइज’ जास्त चांगलाय, त्यामुळे तो पटकन बाजूला पडला. बाकी तिघांवर मात्र महिने गेलेत.

ब्लड इन्कँटेशनचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ हा माझ्यासाठी वर्षाचा अल्बम, आणि यात मला तिळमात्र शंका नाही. डेन्व्हरचा डेथ मेटल बँड, २०२२ मध्ये यांनी ड्रम नाही, ग्रोल (घशातून गुरगुरत गाणं) नाही, असा निव्वळ सिंथचा अल्बम काढला होता तेव्हा बऱ्याच मेटलवाल्यांनी नाकं मुरडली. आता इथे त्या दोन्ही बाजू एकाच गाण्यात आल्यात. अल्बममध्ये गाणी दोनच, ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’, प्रत्येकाचे तीन भाग, प्रत्येक गाणं वीस मिनिटांच्या वर. रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलंय, जिथे १९७७ मध्ये डेव्हिड बोवीचा ‘हीरोज’ झाला होता, आणि ‘स्टारगेट’च्या दुसऱ्या भागात टँजरीन ड्रीम या जर्मन सिंथ बँडचा थॉर्स्टन क्वेशनिंग स्वतः सिंथवर आहे. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या जर्मन सिंथ म्युझिकची नुसती नक्कल करण्यापेक्षा हे लोक सरळ त्या घरी जाऊन बसले.

पहिल्या महिन्यात तुम्हाला फक्त जोड ऐकू येतात. इथे ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा तो अतिवेगवान मारा, थांबला, इथे एकदम मोकळं झालं, बेस पुढे आला, गिटार पिंक फ्लॉइडसारखी तरंगायला लागली, आता परत हाणामारी. मस्त वाटतं, पण लक्ष सगळं त्या बदलाकडेच असतं. तीन-चार महिन्यांनी ते जोड ऐकू यायचे बंद होतात आणि मग कळतं की शांत भागात ड्रमर आयझॅक फॉक जे वाजवतोय त्यातूनच पुढचा वेगवान भाग तयार होत असतो, आणि ‘मेसेज’चा शेवटचा लांबलचक भाग हा आधीच्या सगळ्याचा हिशोब आहे. मी हा अल्बम सगळ्यात जास्त पंचवटी एक्सप्रेसमध्ये ऐकला, नाशिकरोड सुटलं की लावायचा आणि इगतपुरी येईपर्यंत साधारण संपतो. फक्त शफल आणि क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणं) दोन्ही बंद करून ठेवा, नाहीतर भागांची पार वाट लागते.

इगतपुरीनंतर कसारा घाटाचे बोगदे सुरू होतात आणि तिथे मी ओरान्सी पाझुझूचा ‘मुंटाउटुया’ लावायचो. फिनलंडमधल्या टांपेरेचा बँड, सुरुवात ब्लॅक मेटल आणि सायकेडेलिक रॉकपासून, पण या अल्बममध्ये मशीनसारखे बीट आणि चिरकणारे सिंथ इतके पुढे आणलेत की गिटार कुठली आणि कीबोर्ड कुठला हे सांगता येत नाही. शब्द सगळे फिनिश, मला एक कळत नाही, काही अडत नाही. हा अल्बम घरी स्पीकरवर मला आवडत नव्हता, नुसता गोंगाट वाटायचा, हेडफोनवर त्यातले थर वेगळे होतात, तर हा अल्बम ऐकायचा तर चांगल्या हेडफोनवरच ऐका.

गॉडस्पीडबद्दल लिहिणं अवघडय. मॉन्ट्रियलच्या या बँडने अल्बमला नाव दिलेलं नाही, नावाच्या जागी १३ फेब्रुवारी २०२४ ही तारीख आणि २८,३४० मृत एवढंच लिहिलंय, त्या दिवसापर्यंतचा गाझामधला आकडा. बहुतेक सगळं वाद्यांवर, गाणारं कोणी नाही. आणि तरी ‘रेनड्रॉप्स कास्ट इन लेड’ ऐकताना जे होतं ते मला शब्दांच्या गाण्यांनी क्वचित झालंय. हा अल्बम मी गाडीवर किंवा काम करताना कधीच लावला नाही, तो तसा लावावासाच वाटत नाही. रात्री घरचे झोपल्यावर, पूर्ण, आणि त्यानंतर दुसरं काही नाही.

ओपेथ, स्वीडनचा मेटल बँड. २०१९ ला पुण्याला वीकेंडर फेस्टिव्हलमध्ये त्यांना ऐकायला आम्ही नाशिकहून एसटीने गेलो होतो, तेव्हा जुन्या गाण्यांत ग्रोल ऐकून पोरं वेडी झाली होती, कारण नव्या अल्बममधून ते गेलेलंच होतं. नोव्हेंबर २०२४ च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये ग्रोल परत आलं, २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर पहिल्यांदा. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली गोष्ट, घरातला कर्ता पुरुष गेलाय आणि मुलांसमोर त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय, म्हणून गाण्यांना नावं न देता परिच्छेदांचे नंबर दिलेत, फक्त शेवटच्या गाण्याला नाव आहे. इस्टेटीच्या वाटणीत घर कसं फुटतं हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे मला तर गोष्ट लगेच भिडली. जेथ्रो टलचा इयन अँडरसन बासरी वाजवतो ते अप्रतिम, पण त्याचं निवेदन महिन्या-दोन महिन्यांनी जड व्हायला लागतं, कारण गोष्ट एकदा कळली की परत परत सांगणारा माणूस नको असतो. ड्रमर वाल्टेरी व्हायर्युनेन हा या अल्बमचा खरा फायदा. आणि शेवटचं ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’, ज्यात ग्रोल अजिबात नाही, तेच मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय.

जूनमध्ये न्यूझीलंडच्या अल्सरेटचा ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’ आला. तिघंच जण आहेत हे ऐकताना पटत नाही. माझा एक मित्र ढोल पथकात ताशा वाजवतो, गणपतीच्या सरावानंतर त्याला इअरफोन दिला, तो गाडीच्या टाकीवर बोटं वाजवत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊ, याची सम कुठंय?” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “नाही नाही, आहे, पण हा तिच्यावर येतच नाही, बाजूने जातो.” मी इतकी परीक्षणं वाचली, जेमी सेंट मेराटच्या ड्रमिंगबद्दल यापेक्षा बरोबर कोणी लिहिलेलं नाही. हा अल्बम पहिल्या आठवड्यात एकसारखा वाटतो, सगळी गाणी एकच वाटतात, तर सोडू नका. मागे हळू हळू चालणाऱ्या गिटारच्या सुरावटी कानात बसल्या की प्रत्येक गाणं वेगळं ओळखू येतं, मला त्याला पूर्ण पावसाळा लागला.

शेलॅकचा ‘टू ऑल ट्रेन्स’ १७ मे ला आला आणि त्यांचा गिटारवादक-गायक स्टीव्ह अल्बिनी त्याआधीच, ७ मे ला, हार्ट अटॅकने गेला, ६१ वर्षांचा होता. निर्व्हानाचा ‘इन युटेरो’ याच माणसाने रेकॉर्ड केलेला. हा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो, एक गिटार, एक बेस, एक ड्रम सेट, खोलीत समोर उभं राहून वाजवल्यासारखा आवाज, आणि शेवटचं गाणं ‘आय डोन्ट फिअर हेल’. ते ऐकताना अजूनही घसा दाटून येतो. सहानुभूती बाजूला ठेवूनही सांगतो, ड्रमचा इतका खरा आवाज त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याच अल्बमवर नाही.

सुमॅकचा ‘द हीलर’ बरोबर याच्या उलट, गाणी चार आणि वेळ सव्वा तासाच्या वर. पहिलंच गाणं पंचवीस मिनिटांच्या आसपास आणि त्यात बराच वेळ ताल असा नाहीच, नुसते सूर चाचपणं चाललेलं. ज्यांना आलाप ऐकायची सवय आहे त्यांना हे मेटलवाल्यांपेक्षा लवकर कळेल असं माझं मत आहे. तरी खरं सांगतो, पूर्ण अल्बम एका बैठकीत फार कमी वेळा झालाय, सुट्टी असेल तरच.

नॉक्ड लूजचा अल्बम पहिल्या दिवशी सगळ्यात जोरात लागला, गायिका पॉपीबरोबरचं ‘सफोकेट’ तर जिममध्ये सगळ्यांना ऐकवलं, पण सत्तावीस मिनिटांत जे आहे ते सगळं पहिल्या दिवशीच मिळतं, नंतर नवीन काही निघत नाही. जूडस प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ मात्र टिकला, त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड बहात्तराव्या वर्षी यात तसा गायलाय, बस. चॅट पाइलचा ‘कूल वर्ल्ड’ जबरदस्त आहे पण इतका उदास की सलग दोन दिवस ऐकू नका.

राहिला जॉर्डी ग्रीपचा ‘द न्यू साउंड’. त्याचा बँड ब्लॅक मिडी बंद झाल्यावरचा त्याचा पहिला सोलो, काही गाणी साओ पाउलोमध्ये ब्राझिलियन वादकांबरोबर केलेली, त्यामुळे साल्सा, सांबा, जॅझ आणि मध्येच वेडीवाकडी गिटार. वादन इतकं सुंदर आणि गाण्यांमधले पुरुष इतके किळसवाणे, स्वतःच्या फुशारक्या मारणारे, की तासभर त्यांच्या सोबत बसणं मला अजून जमत नाही, आणि ते लिहिलंय चांगलं म्हणूनच जमत नाही. ‘होली, होली’ सुरू झालं की संपल्याशिवाय बंद होत नाही एवढं नक्की, बाकीच्या अल्बमचं माझं अजून ठरलेलं नाही.