दाभोळचा शब्दमूळ वर्ग : ‘अराइव्ह’चा एक रविवार

दाभोळमध्ये एक निवृत्त शिक्षक आपल्या घराच्या पडवीत दर रविवारी सकाळी इंग्रजी शब्दांच्या मुळांचा दीड तासाचा वर्ग घेतात. महिन्याचे ३०० रुपये भरून मी पावसाळ्याआधीचे दोन महिने तेथे गेलो. इंग्रजी ज्यांना केवळ परीक्षेपुरते नको आहे त्यांनी तेथे अवश्य जावे, असे माझे मत झाले आहे. तक्रारी दोन आहेत, त्या पुढे येतीलच.

एका बैठकीला एकच क्रियापद घ्यायचे आणि ते नारळासारखे सोलायचे, ही तेथली पद्धत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून नुकताच पोहोचलो होतो. सरांनी विचारले, “बोट कधी लागली?” मी “पावणेनऊला” म्हणताच त्यांनी फळ्यावर ‘लागली’ असे लिहिले, त्याखाली ‘अराइव्ह’ आणि त्याखाली लॅटिनमधले ‘ॲड’ व ‘रीपा’. रीपा म्हणजे काठ. ॲड म्हणजे जवळपास आपला ‘ला’, फक्त आपला शब्दाच्या शेवटी येतो आणि तो आरंभी. काठाला येणे, म्हणजेच बोट लागणे, हा या क्रियापदाचा मूळ अर्थ. जोडताना ‘ड’चा ‘र’ कसा होतो हे त्यांनी ‘तत्’ आणि ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’ होते त्या संधीवरून दाखवले, आणि आठवीत संस्कृत सोडलेल्या मलाही ते पटकन कळले. बोलभाषेतल्या लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये उतरला आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आरंभी त्यात जलप्रवास करून किनारा गाठण्याचा अर्थ होता, पुढे कोणी कसेही कोठेही पोहोचले तरी तो चालू लागला. (एसटीसुद्धा स्टँडला ‘लागते’च की, तेथे कोठला काठ आहे?) ‘अराइव्ह’नंतर ‘टू’ लावू नये, कारण ‘ला’ त्याच्या पोटातच आहे, असे सांगून हे खरे कारण नसून लक्षात ठेवण्याची खूण आहे, हेही सरांनी लगेच स्पष्ट केले. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

आता तक्रार. वर्गात मिळणाऱ्या झेरॉक्समध्ये ‘डिराइव्ह’ हे क्रियापदही रीपाच्या खाली दिले आहे, ते चूक आहे. ते ‘रीवुस’ या निराळ्या शब्दापासून आले असून रीवुस म्हणजे ओहोळ. ओहोळाचे पाणी वळवून नेणे, म्हणजे पाट काढणे, हा त्याचा जुना अर्थ. पोफळीच्या बागेला पाटाचे पाणी देणाऱ्या आपल्या माणसांना तो किती सहज समजला असता! एकाच ओहोळावर पाणी भरणारे ते ‘रायव्हल’, हाही शब्द त्याच घरातला. गंमत म्हणजे, ज्याच्यावरून हा घोटाळा होत असावा तो ‘रिव्हर’ मात्र रीपाचाच. मी हे दाखवल्यावर सरांनी कोश उघडून चूक मान्य केली, तरीही पुढच्या रविवारी नव्या विद्यार्थ्यांच्या हाती तोच कागद पडला.

दुसरी तक्रार वेळेची. दीड तासाचे दोन तास हमखास होतात. पावसाळ्यात वर्ग बंद असतो, तो गणपतीनंतर पुन्हा सुरू होईल; खाडीपलीकडून येणाऱ्यांनी तेव्हा परतीची फेरी एक सोडून पुढचीच धरावी.