छोट्या ट्रॅक्टरला किती फुटी बॅकहो जोडावा? द्राक्षबागेतील वापरानंतरचा अनुभव

२८ अश्वशक्तीच्या, चारही चाके ओढणाऱ्या आणि साधारण एक टन वजनाच्या माझ्या ट्रॅक्टरला गेल्या दिवाळीनंतर मी सहा फूट खोदणारा बॅकहो, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बसणारा बकेटचा खोदणारा हात, जोडून घेतला. तेव्हापासून द्राक्षाचा माल उतरला, एप्रिलची खरड छाटणी झाली, पावसाळाही आता ओसरत आला आहे. या काळात कोरड्या मुरमात, वापशावरच्या, म्हणजे मशागतीजोगी ओल असलेल्या काळ्या रानात आणि पाणी धरलेल्या चिबड पट्ट्यातही तो चालवून झाला. आमचे शिवार मिरज तालुक्यात आहे. वरच्या अंगाला दीड-दोन फूट मातीखाली मुरूम लागतो आणि तिथे द्राक्षबाग आहे. खालच्या अंगाला खोल काळी जमीन असून तिथे ऊस असतो. ट्रॅक्टर, जमीन किंवा पीक यांपैकी काही वेगळे असेल, तर पुढील आकडे आपल्या परिस्थितीनुसार बदलून घ्यावेत.

विकणारा पहिल्यांदा खोलीच सांगतो: सहा फुटी, साडेसात फुटी, नऊ फुटी. त्यामुळे घेणाऱ्याचाही सगळा विचार खोलीभोवतीच फिरू लागतो. दुसरा आकडा असतो अश्वशक्तीचा, कारण इंजिनाला पेलले की यंत्र चालेल असे सर्वांनाच वाटते. माझ्या अनुभवात हे दोन्ही आकडे दुय्यम ठरले. माप ठरते ते ट्रॅक्टरच्या वजनावर आणि ज्या ओळींमधून तो फिरणार आहे त्यांच्या रुंदीवर.

अश्वशक्तीचा हिशेब साधा आहे. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा स्वतंत्र हायड्रॉलिक पंप मिनिटाला ३० लिटर तेल १५० बार दाबाने देत असेल, तर त्याला साडेसात किलोवॉट, म्हणजे सुमारे दहा अश्वशक्ती लागते. पंपातले नुकसान धरले, तरी बारा-तेरा अश्वशक्तीत काम भागते आणि २८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला एवढी ताकद सहज देता येते. म्हणून ‘इंजिन ओढेल का’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच ‘ओढेल’ असे मिळते, आणि खरेदीचा निर्णय तेवढ्यावर घेतला जातो. जमिनीत रुतलेले बकेट मागे ओढले जाते, तेव्हा एका बाजूला माती असते आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर. त्या दोघांत जो हलका किंवा सैल असेल तो सरकतो. घट्ट मुरमात सरकतो तो ट्रॅक्टर, मग इंजिन कितीही दमाचे असो.

वजनाची गोष्ट मी अंदाजावर सोडली नाही. जवळच्या वजनकाट्यावर आधी पूर्ण ट्रॅक्टर आणि नंतर फक्त पुढची चाके चढवून वजन घेतले, तेव्हा पुढच्या आसावर साधारण ४०० किलो भरले. ट्रॅक्टरच्या दोन आसांमधील अंतर १.५५ मीटर आहे. सहा फुटी बॅकहोचे वजन सुमारे ३३० किलो असून घडी घातल्यावर त्याचा भार मागच्या आसापासून सरासरी ९० सेंटिमीटर मागे पडतो. या हिशेबाने पुढच्या आसावरचे सुमारे १९० किलो उचलले जातात आणि २१० शिल्लक राहतात. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान वीस टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा सर्वमान्य संकेत आहे. माझा ट्रॅक्टर त्यात जेमतेम बसला. साडेसात फुटी यंत्राचे वजन ४५० किलो आणि भाराचे अंतर एक मीटर धरले, तर पुढे केवळ ११० किलो उरतात. एवढ्या भारावर स्टिअरिंग नावालाच उरते, आणि बांध किंवा पाटाचा उंचवटा ओलांडताना पुढची चाके सरळ हवेत जातात.

हे फक्त कागदावरचे गणित नव्हते. खरेदीपूर्वी साडेसात फुटी यंत्र प्रात्यक्षिकासाठी आमच्या रानात आणले होते. जॅक, म्हणजे दोन्ही बाजूंचे आधाराचे पाय, टेकवून खोदताना ते उत्तम चालले आणि पाहणाऱ्यांना फार आवडलेही. खोदून झाल्यावर चालकाने जॅक उचलले, बूम, म्हणजे बकेट धरणारा मोठा हात, पूर्ण मिटवण्याआधीच गाडी पुढे घेतली आणि पाटाच्या कडेवर पुढची दोन्ही चाके वीतभर वर आली. शेजारच्या तात्यांनी तिथेच सांगितले, “पुढं दोन माणसं बसवून चालवायचं यंत्र घेऊ नका.” पुढे लोखंडी वजने लावून किंवा टायरमध्ये पाणी भरून हा दोष काही प्रमाणात झाकता येतो, हे खरे. टायरमधील पाणी स्थैर्यासाठी उपयोगीच पडते आणि मीही मागच्या टायरमध्ये ते भरले आहे. परंतु पुढे शंभर-दीडशे किलो लटकवून मागे तेवढेच जादा वजन न्यायचे म्हणजे मधल्या सांध्यांवर ताण वाढवणे होय. इतका खटाटोप करायचा, तर मोठा ट्रॅक्टर घेणे अधिक शहाणपणाचे.

या मधल्या सांध्यांकडे खरेदी करताना फारसे कोणी पाहत नाही. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तीच त्याची पाठ असते. बॅकहो नुसता मागच्या लिफ्टच्या दोन हातांना आणि वरच्या दांड्याला, म्हणजे टॉप लिंकला, अडकवला, तर खोदताना येणारा प्रत्येक हिसका थेट त्या पाठीवर जातो. शिवाय लिफ्टचे हात भार उचलून धरण्यासाठी बनवलेले असतात, खाली दाबून धरण्यासाठी नव्हे. बकेट कठीण थरात अडकून यंत्र वर उसळले, तर त्याला रोखणारे तिथे काहीच नसते आणि चालकाची जागा नेमकी ट्रॅक्टर आणि बॅकहो यांच्या मध्ये असते. म्हणून माप कितीही छोटे असले, तरी मागच्या आसापासून पुढच्या ब्रॅकेटपर्यंत ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणारी लोखंडी चौकट, म्हणजेच सबफ्रेम, घेतल्याशिवाय बॅकहो जोडू नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्या यंत्राच्या किमतीत या चौकटीचा वाटा बराच होता, पण तो खर्च मला योग्य वाटतो. तिचे बोल्ट पहिल्या आठवड्यात दोनदा आवळावे लागले. त्यानंतर ते एकदाही सैल झालेले नाहीत.

आता ओळींच्या रुंदीविषयी. आमची बाग नऊ बाय पाच फुटांवर, वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या मांडवावर आहे. ओळींत नऊ फूट असले, तरी दोन्ही बाजूंचे बोद (वेलींखालचे मातीचे उंच पट्टे) आणि ठिबकच्या लॅटरल नळ्या सोडल्यावर यंत्राला प्रत्यक्ष सहा फूटच मिळतात. सहा फुटी बॅकहोचे जॅक पूर्ण उघडल्यावर पावणेसहा फूट पसरतात, त्यामुळे ते बोदाच्या आत टेकतात. मोठ्या यंत्राचे जॅक सात फुटांच्या पुढे जात होते, म्हणजे प्रत्येक वेळी टेकवताना बोद, वेलीची पांढरी (अन्न-पाणी शोषणारी) मुळी आणि लॅटरल यांवर भार येणार हे उघड होते. दुसरी अडचण उंचीची असते. भरलेले बकेट उचलून बूम बाजूला वळवताना त्याचा कोपर वर येतो. छोट्या यंत्राचा कोपर वायच्या आडव्या अँगलखालून थोडक्यात निसटतो, मोठ्याचा अडकतो. सपाट मांडवाच्या बागेत तारा सहा-साडेसहा फुटांवर असतात. तिथे बूम मिटवलेल्या अवस्थेतील उंची टेपने मोजल्याशिवाय कोणतेही यंत्र आत नेऊ नये.

खोलीबाबत एक खुलासा आवश्यक आहे. सहा फूट हा आकडा बूम आणि बकेट पूर्ण ताणल्यावर एका बिंदूवर मिळणाऱ्या खोलीचा असतो. लांब, सपाट तळाचा चर खणायचा असेल, तर माझ्या यंत्राला साडेचार फुटांपर्यंत सुखाने काम करता येते. त्यापुढे चालकाला दिसतही नाही आणि बकेटचा कोनही बिघडतो. मात्र शेतात त्याहून खोल कामे किती निघतात, हे प्रत्येकाने खरेदीपूर्वी कागदावर मांडून पाहावे. पाइपलाइन दोन-अडीच फुटांवर जाते, शोषखड्डा चार फुटांचा असतो, निचऱ्याची सच्छिद्र पाइप आमच्याकडे साडेतीन-चार फुटांवर टाकली, जुन्या वेलींचे खुंट तीन फुटांत निघतात. कुबोटा कंपनी अमेरिकेत जो बीएक्स२३एस हा सुमारे २२ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर विकते, त्याला कारखान्यातूनच सुमारे सहा फूट खोदणारा बॅकहो दिलेला असतो. तिथे बॅकहो आणि ट्रॅक्टर एकमेकांसाठी आखलेले असतात. आपल्याकडे ही जोडणी बहुधा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून केली जाते, म्हणून आपण त्याहून अधिक धाडस करण्याचे कारण नाही.

कामाच्या वेगाची अपेक्षा वास्तववादी ठेवावी. माझ्या बारा इंची बकेटमध्ये शिगोशीग एक घनफूट माती मावते. ओलसर मातीचे ते वजन पन्नास किलोच्या आसपास भरते. एक फेरा अर्ध्या मिनिटात होतो, म्हणजे तासाला सुमारे १२० घनफूट. चार फूट खोल आणि एक फूट रुंद निचऱ्याचा चर या वेगाने तासाला पंचवीस-तीस फूट सरकतो, आणि आमच्या चिबड पट्ट्यात नेमके तेवढेच काम झाले. आता हेच गणित नवीन बागेच्या लागणीला लावून पाहावे. नऊ फुटी ओळीने एका एकरात ४,८४० फूट लांबीचे चर निघतात. अडीच फूट रुंद आणि अडीच फूट खोल धरल्यास तीस हजार घनफुटांहून अधिक माती होते आणि छोट्या बॅकहोला त्यासाठी अडीचशे तास लागतील. त्या कामाला जेसीबीच बोलवावा. त्याचे बकेट सुमारे पाव घनमीटरचे असते आणि ताशी भाडे देऊनही ते काम स्वस्त पडते. मीही जानेवारीत डॉगरीज या द्राक्षजातीचे (कलमासाठीचे) खुंट लावण्यासाठी चर त्याच्याकडूनच काढून घेतले. उलट उभ्या बागेत, दोन ओळींमध्ये, फुटलेली मेनलाइन उकरायला साडेसात टनांचे यंत्र आत नेता येत नाही. छोट्या बॅकहोची खरी जागा तीच आहे.

या वापरात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला निर्णय बकेटच्या रुंदीचा आहे, आणि त्याविषयी विक्रेते सर्वांत कमी बोलतात. यंत्रासोबत नऊ इंची बकेट मिळते. कोरड्या मुरमात त्याला तोड नाही, कारण सगळी ताकद थोड्या दातांवर एकवटते आणि चरही अरुंद राहतो. काळ्या मातीत मात्र वापसा थोडा जरी ओलीकडे झुकला, तरी दोन्ही भिंतींना माती चिकटते आणि मधला गोळा झटकूनही सुटत नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर मेनलाइनचा एक सांधा उकरताना हे विशेष जाणवले. बकेट भरून वर यायचे, उलटे केले तरी माती तशीच राहायची, आणि गड्याला प्रत्येक फेऱ्याला खुरप्याने ती काढावी लागायची. बारा इंची बकेट लावल्यावर तीच माती दोन झटक्यांत सुटू लागली. अठरा इंचीचा विचार मी केला होता, पण त्यात भरणारी ओली माती बूमच्या टोकाला, सात-आठ फुटांवर उचलून बाजूला वळवायची म्हटल्यास पुन्हा ट्रॅक्टरच्या वजनाचाच प्रश्न उभा राहतो. मऊ जमिनीत एक जॅक खचला, की पूर्ण गाडी त्या बाजूला कलते. दोन्ही जॅकखाली दीड-दोन इंच जाडीच्या सागवानी फळ्या घेतल्याशिवाय मी काळ्या रानात बूम बाजूला वळवत नाही.

पंपाबाबत थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकवर चालणारे यंत्र स्वस्त पडते, पण छोट्या ट्रॅक्टरचा पंप लहान असल्याने बूम आणि बकेट एकाच वेळी हलवता येत नाहीत, आणि तापणारे तेल गिअरबॉक्सचेच असते. पीटीओवरचा वेगळा पंप, वेग वाढवणारी गिअरपेटी आणि स्वतंत्र टाकी असलेले यंत्र घ्यावे. टाकी मात्र मोठी मागून घ्यावी. माझी ३५ लिटरची आहे आणि मे महिन्यात दुपारी दोन तासांच्या सलग कामानंतर तेल इतके तापायचे, की लिव्हर सोडल्यावर बूम हळूहळू खाली उतरू लागायचा. ६८ ग्रेडचे दाट तेल वापरून थोडा फरक पडला. काम सकाळी आणि चारनंतर ठेवल्याने अधिक पडला. डिझेल तासाला दोन ते अडीच लिटर लागते.

खोदण्याआधी मोटारीची केबल आणि जुनी पाइपलाइन कुठून गेली आहे हे घरातील जाणत्या माणसाला विचारून चुन्याने आखून घ्यावे. छोट्या यंत्राच्या दातांनाही केबल तोडायला जोर लागत नाही.

देखभालीत ग्रीस हाच मुख्य विषय आहे. मी दर आठ तासांनी सर्व निपलना ग्रीस देतो, तरीही बूम डावी-उजवीकडे वळवणाऱ्या मुख्य पिनच्या बुशमध्ये आता खेळ जाणवू लागला आहे. बकेटचे दोन दात मुरमात झिजून बोथट झाले असून ते बोल्टने बसवलेले असल्याने बदलणे सोपे आहे. वेल्डिंगने जोडलेले दात असलेले बकेट घेऊ नये. एक होस पाइप वळणावर घासून पाझरू लागला होता, तो स्थानिक दुकानात दाबून घेतला आणि त्यावर जुन्या टायरच्या ट्यूबचे आवरण चढवले. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर यंत्राला बागेत काम राहणार नाही, तेव्हा बुश बदलून घेणार आहे, आणि त्याच वेळी वर्कशॉपमध्ये जॅकच्या पंज्यांना काळ्या जमिनीसाठी अधिक रुंद पत्रे बोल्टने बसवून घेण्याचे ठरवले आहे.