चिठ्ठीशिवाय गोळी देत नाहीत, म्हणूनच पाच स्टार (विश्रामबाग, सांगली)

इथं काही जणांनी या मेडिकल दुकानाला एक स्टार दिलाय, कारण काय तर चिठ्ठी जुनी म्हणून दुखण्याची गोळी दिली नाही. मी त्याच कारणासाठी पाच देतोय.

आमच्या मामांचं मणक्याचं ऑपरेशन मिरजेत झालं, डिस्चार्जच्या कागदावर ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी थोड्याच दिवसांसाठी होती. पण दुखणं गेलं तरी गोळी काही सुटेना, झोप येईना म्हणून एक, सकाळी अंग जड म्हणून अजून एक, आणि दुसऱ्या एका दुकानात कुणी काही विचारायचंच नाही, मागितली की मिळायची. तिथला माल संपला तेव्हा मी मामेभावाबरोबर इथं आलो.

काउंटरवरच्या काकांनी घड्यांवर फाटलेली ती चिठ्ठी उलगडून आधी तारीख बघितली. मग आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आता दिवसाला किती लागतात? नाही घेतली तर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा असं काही होतं का?" आम्ही बघतच राहिलो, कारण एप्रिलच्या उन्हात मामा शाल पांघरून बसलेले आणि घरात सगळे व्हायरल समजत होते.

काकांनी गर्दी असूनही नीट समजावलं. ही पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी नाही, अफू-मॉर्फिनच्या गटातली आहे. काही आठवडे रोज घेतली की कुणाच्याही शरीराला सवय होते, तेवढ्याच डोसनं भागत नाही आणि बंद केली की अंग बंड करतं. नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, लपवून घेतली जाते, तेव्हा ते व्यसन. मामा चष्म्याच्या डबीत गोळ्या ठेवायचे हे तेव्हा डोक्यात आलं. ज्या माणसानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही त्याचं हे झालं, त्यामुळे हा स्वभावाचा दोष वगैरे कुणी म्हणू नका प्लीज.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काका म्हणाले, घरी जाऊन गोळ्या फेकून देऊ नका, एकदम बंद केल्या तर फार त्रास होतो. लगेच ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं, तिथं डोस टप्प्याटप्प्यानं कमी केला. झोपेचे वांधे बरेच दिवस होते, मामी रात्र रात्र जागायची, पण आता मामा फिजिओथेरपीवर आहेत आणि गोळी बंद आहे.

आणि रजिस्टरला नाव लिहितात म्हणून चिडणाऱ्यांसाठी, ट्रामाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या कडक सरकारी यादीत आहे, नोंद ३ वर्षं ठेवावीच लागते, शिवाय २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलीय. स्ट्रिपवरची लाल चौकट वाचा एकदा.

बाकी डिस्काउंट इथं कमी आहे, संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. घरात कुणाचं असं चालू असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फ्री आहे.