बँकवाल्यांनी आवर्जून करावी अशी पायी फेरी (सेंट पीटर्सबर्ग)

1917-18 च्या पेत्रोग्राडची (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) पायी फेरी, अर्धा दिवस, माणशी 3000 रुबल. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगतो.

आधी कामाचं. आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं सध्या रशियात चालत नाहीत. रोख रुबल हातात असल्याशिवाय बुकिंगच्या भानगडीत पडू नका.

फेरी हिवाळी राजवाड्यापासून सुरू होत नाही, ही पहिली जमेची बाजू. राजवाडा कसा घेतला, ‘अरोरा’ जहाजानं तोफ कशी उडवली, हे शहरातला कुठलाही गाइड सांगतो. आमच्या गाइडचा प्रश्न वेगळा होता: राजवाड्यातल्या हंगामी सरकारच्या मंत्र्यांना पकडलं, ठीक, पण सकाळी कचेरी उघडणार कोण? (तारखा आजच्या कॅलेंडरप्रमाणे देतोय. रशियाचं तेव्हाचं कॅलेंडर 13 दिवस मागे होतं.) 7 नोव्हेंबर 1917 ला लेनिनच्या बोल्शेविक पक्षानं सत्ता घेतली आणि सरकारी नोकरांनी संप पुकारला. समाजकल्याण खात्याच्या नव्या कमिसार (म्हणजे मंत्री) अलेक्सांद्रा कोलोन्ताय यांना दारवानानंच आत सोडलं नाही. पुढे कर्मचाऱ्यांना अटक झाली, तेव्हा कुठे किल्ल्या मिळाल्या.

मी 34 वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी युनियनमध्ये. त्यामुळे ग्रिबोयेदोव कालव्यावरच्या बँक पुलाशी आलो आणि मी तिथंच खिळलो. सोनेरी पंखांच्या सिंहांबरोबर सगळे फोटो काढत होते. मी पलीकडची स्टेट बँकेची जुनी इमारत बघत होतो. आता तिथं अर्थशास्त्राचं विद्यापीठ आहे. बोल्शेविकांच्या बाजूच्या नाविकांनी ही इमारत पहिल्याच पहाटे ताब्यात घेतली होती. पण इमारत ताब्यात येणं आणि कॅश ताब्यात येणं यात किती फरक असतो, ते कॅशियरला विचारा. नव्या सरकारनं पैसे मागितले, बँकेनं दिले नाहीत. ज्या सरकारला बँक ओळखतच नाही, त्याच्या सहीवर पेमेंट करायचं कसं? वित्त खात्याचे मेन्झिन्स्की हत्यारबंद तुकडी आणि चक्क लष्करी बँड घेऊन 1 कोटी रुबल मागायला आले आणि हात हलवत परत गेले. बँक व्यवस्थापक शिपोव यांना काढून टाकलं, तरी कर्मचारी हलेनात. नोव्हेंबरअखेरीस शेवटी जबरदस्तीनं तिजोरी उघडून 50 लाख रुबल स्मोल्नीत, म्हणजे नव्या सरकारच्या मुख्यालयात, नेले. जगातल्या पहिल्या कामगार सरकारचा पहिला विड्रॉवल, आणि तोही व्हाउचरशिवाय! हेच मेन्झिन्स्की पुढे गुप्त पोलिसांचे प्रमुख झाले.

27 डिसेंबरला खासगी बँकांवर सशस्त्र पहारे बसले आणि त्याच दिवशी राष्ट्रीयीकरण झालं. लॉकरवाल्यांनाही फर्मान निघालं: बोलावल्यावर किल्ली घेऊन हजर व्हा, सोन्याची नाणी आणि लगडी जप्त. आपल्याकडे 1969 च्या जुलैत 14 बँका रातोरात सरकारी झाल्या आणि काउंटर नेहमीसारखे सुरू राहिले, हे आमचे सीनियर कौतुकानं सांगायचे. त्या कौतुकाचा अर्थ मला या पुलावर उभं राहून जास्त कळला.

पुढचा थांबा गोरोखोवाया रस्त्यावरची 2 नंबरची इमारत. फेरीचा कणा खरं तर इथं आहे, आणि गाइडनंही इथं घाई केली नाही. सरकारी नोकरांचा संप देशभर पसरणार, असं दिसल्यावर 20 डिसेंबर 1917 ला झेर्झिन्स्कींच्या हाताखाली ‘चेका’ ही गुप्त पोलिसांची संस्था नेमली. तिच्या लांबलचक नावात प्रतिक्रांतीबरोबर ‘घातपात’ हा शब्दही होता, आणि त्यात काम बंद करणारा कारकूनही बसत होता. म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी. संस्थेचं बिऱ्हाड थाटलं ते झारच्या काळातल्या शहर-प्रशासकाच्याच इमारतीत. आता तिथं राजकीय पोलिसांच्या इतिहासाचं लहानसं संग्रहालय आहे.

तावरीचेस्की राजवाड्यात आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचा. देशाची घटना ठरवायला निवडलेली संविधान सभा इथं भरली होती. तिच्या निवडणुकीत बोल्शेविकांना साधारण 24 टक्के मतं, समाजवादी क्रांतिकारक या प्रतिस्पर्धी पक्षाला 40 च्या आसपास. सभा 18 जानेवारी 1918 ला भरली. पहाटे झेलेझ्न्याकोव नावाच्या नाविकानं अध्यक्ष चेर्नोव यांना सांगितलं, पहारेकरी थकलेत, आता सभा आटपा. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. त्या सभेच्या पाठिंब्यासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला होता, हे मात्र आमच्यातल्या एकानं विचारल्यावरच गाइडच्या तोंडून निघालं.

आता कापलेला तारा. मार्च 1918 मध्ये राजधानी मॉस्कोला गेली, तिथं फेरीही संपते. जणू सत्ता तेवढ्यावर पक्की झाली! पक्की झाली ती पुढच्या तीन वर्षांत, धान्य आणि फौज यांच्या जोरावर. शेतकऱ्यांकडून धान्य वसूल करायला हत्यारबंद तुकड्या गेल्या. तरी पेत्रोग्राड उपाशीच. 20 लाखांच्या वरचं शहर 1920 पर्यंत 7 लाखांवर आलं. युद्धखात्याचे कमिसार त्रोत्स्की यांनी बोल्शेविकांच्या लाल सेनेत झारचे हजारो जुने अधिकारी घेतले, पण त्यांच्या हुकुमावर पक्षानं नेमलेल्या कमिसारची (इथं अर्थ देखरेख करणारा) सही लागायची आणि घरच्यांना ओलीस धरण्याची धमकीही होती. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे, तसलीच ही तजवीज. एवढं सगळं गाइडनं ट्राममध्ये पाच मिनिटांत उरकलं.

बाकी किरकोळ तक्रारी: कानातल्या यंत्रात खरखर, मधे चहाला थांबा नाही. गाइडचं इंग्रजी स्वच्छ, आणि बोल्शेविकांची ना आरती, ना शिव्या. नोव्हेंबरात जाऊ नका, चारला अंधार पडायला लागतो.

क्रॉनश्टाट या जवळच्या आरमारी बेटाची दिवसभराची फेरी हेच लोक वेगळी करतात. ज्या नाविकांच्या जिवावर 1917 पार पडलं, तिथल्याच नाविकांनी मार्च 1921 मध्ये उठाव केला आणि बर्फावरून फौजा पाठवून तो मोडला गेला. त्याच दिवसांत पक्षानं आपल्याच आतल्या गटांवर बंदी घातली. आमच्या सौ.च्या गुडघ्यांनी एका फेरीतच हात टेकले, म्हणून ती फेरी राहून गेली. ज्यांना चालवतं त्यांनी दोन्ही एकदम बुक कराव्यात, थोडी सूट मिळते.