ट्रॅकिंग लावावं की बॅलन्स लॉक करावा? जांभा, काळी माती आणि ओली वाळू

राब भाजलेल्या तुकड्यावरून मेटल डिटेक्टरची कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) शेजारच्या न भाजलेल्या खाचरात नेली, की तेच यंत्र त्याच सेटिंगवर वेगळं वागायला लागतं. माती तीच, मालक तोच, मध्ये फक्त एक बांध. पण पालापाचोळा आणि शेण घालून जमीन भाजली, की तिच्यातल्या लोहाच्या संयुगांचं रूप पालटतं. ती जास्त चुंबकी होते आणि कॉइलला ते लगेच कळतं. मातीचा आवाज वजा होऊन फक्त धातू वाजावा, असं यंत्र जुळवणं म्हणजे बॅलन्स. मग यंत्राला ही नवी जमीन शिकवायची कुणी? आपण थांबून, की यंत्राने आपलं आपण?

मधल्या किमतीच्या पुढच्या बऱ्याच डिटेक्टरमध्ये हे दोन्ही पर्याय असतात. एकात जमिनीचा आकडा पकडायचा आणि तिथेच लॉक करायचा. दुसऱ्यात ट्रॅकिंग चालू ठेवायचं, म्हणजे चालता चालता यंत्र आकडा स्वतःच बदलत राहतं. काही यंत्रांत एकच सोय असते. फिशरच्या गोल्ड बग प्रोमध्ये जमीन पकडता येते, हाताने बदलताही येते, पण ट्रॅकिंग नाही. गॅरेटच्या एस (ACE) ३००मध्ये बॅलन्स कारखान्यातूनच बसवून येतो, त्याला हात लावता येत नाही. मळ्यातल्या मऊ मातीत आणि कोरड्या पांढऱ्या वाळूत ते चालून जातं. आपल्याकडच्या बेसॉल्टवर आणि जांभ्यावर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, एवढं म्हणून ते बाजूला ठेवतो.

आधी आकड्याबद्दल. फिशर एफ ७५ आणि तिच्या जातीच्या यंत्रांवर जमिनीचा आकडा ० ते ९९ असा दिसतो. मॅग्नेटाइट आणि तसली काळी लोहखनिजं साधारण ७५ ते ९५मध्ये येतात. लाल, पिवळ्या, तपकिरी लोहयुक्त चिकणमाती ४० ते ७५च्या दरम्यान. खाऱ्या पाण्याने भिजलेली जमीन ० ते १०. आणि ५ ते २५मध्ये आकडा बसला, तर बहुधा कॉइलखाली लोखंड आहे, जागा बदला. हा शेवटचा पट्टा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी मात्र हे आकडे ताडून पाहू नका. मिनलॅबच्या इक्विनॉक्सवर मोजपट्टी उणे ९ ते ९९ असते आणि मुळात आकडा ० ठेवलेला असतो.

जमीन पकडायची पद्धत सगळे जाणतात, पण चुका तिथेच होतात. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सोय) काढून ऑल मेटलमध्ये आधी साधारण एक मीटर चौरस जागा कॉइल फिरवून झाडून घ्या. तिथे काहीही वाजता कामा नये. हातातलं कडं आणि खिशातला मोबाइल कॉइलपासून लांब. बटण दाबून ठेवायचं आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून ३० सेंटीमीटरपासून ३ ते ५ सेंटीमीटरपर्यंत खालीवर करायची. सेकंदाला एखादी फेरी, घाई नको, आणि कॉइल मातीला टेकवू नका. आकडा एक-दोनच्या आत स्थिरावला की बटण सोडा. मग बटण न दाबता पुन्हा चार वेळा खालीवर करा आणि ऐका. वर उचलताना आवाज येत असेल तर बॅलन्स निगेटिव्हकडे आहे. खाली आणताना येत असेल तर पॉझिटिव्हकडे. आकडा वाढवायचा की कमी करायचा हे यंत्रागणिक उलटसुलट असतं, म्हणून पाठ करत बसू नका. दोन अंक सरकवा आणि कान काय सांगतो ते बघा.

देशावरच्या काळ्या मातीत आपण मुद्दाम किंचित पॉझिटिव्हकडे थांबतो, इतकं की कॉइल खाली आणताना जेमतेम गुणगुण ऐकू यावी. कारण भेगा. एप्रिल-मेमध्ये काळी माती फाटते. भेगेवरून कॉइल गेली की क्षणभर तिच्याखाली माती नसते. बॅलन्स निगेटिव्हकडे असेल तर ही पोकळी धातूसारखी वाजते. पॉझिटिव्हकडे असेल तर आवाज फक्त खाली दबतो. उंदराच्या बिळाचं आणि नांगराच्या तासाचंही तेच. लॉकमध्ये ही दोन-तीन अंकांची खेच आपल्या हातात राहते. बहुतेक यंत्रांवर ट्रॅकिंगमध्ये ती राहत नाही. यंत्र सरासरी काढतं, आणि भेगा वाजणार की नाही हे त्या सरासरीवर सोडावं लागतं.

काळ्या मातीत ट्रॅकिंग वाईट नाही, हेही सांगायला हवं. एका शेतात माती बरीचशी एकसारखी असते, त्यामुळे ट्रॅकिंगला फारसं काम पडत नाही. आकडा दोन-तीनने हलतो, कुणाला कळतही नाही. बांध ओलांडून मुरमाड जमिनीत शिरलात तरी ते तुमच्याआधी सावरतं. लॉकवाला माणूस इथे हमखास फसतो. आकडा सकाळी पकडलेला, दुपारी उन्हाने कॉइल तापलेली, जमीन बदललेली, आणि हा मात्र यंत्र चिवचिवतं म्हणून सेन्सिटिव्हिटी कमी करत बसलेला. चार घरं सेन्सिटिव्हिटी उतरवली की खोली गेली. खरं तर पुन्हा एकदा जमीन पकडायला दहा सेकंद लागतात. लॉकवर काम करायचं तर यंत्र सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांनी एकदा, मग दर वीस मिनिटांनी, आणि मातीचा रंग बदलला की प्रत्येक वेळी, ही सवय अंगात मुरावी लागते. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात ती नसते, म्हणून त्याने ट्रॅकिंगवर सुरुवात केली तर त्याला दोष देता येणार नाही.

आता जांभा. रत्नागिरी-सिंधुदुर्गचे सडे, पाचगणी-महाबळेश्वरचं पठार. इथे अडचण फक्त लोह जास्त असल्याची नाही, ते सारखं नसल्याची आहे. एक खडा एका आकड्याचा, शेजारचा दुसऱ्या. तांबड्या मातीवर बॅलन्स केला तर काळपट, जड खडा धातूसारखा बोलतो. खडा ओळखायची खूण सोपी आहे. कॉइल दहा सेंटीमीटर वर घ्या. धातूचा आवाज हळूहळू उतरतो, खड्याचा एकदम पडतो. शंका उरलीच तर बुटाने खडा सरकवा, आवाज त्याच्याबरोबर गेला की झालं.

अशा जमिनीत ट्रॅकिंगच हवं, असं कागदावर कुणीही म्हणेल. पहिली झाडणी करताना, लांब आणि संथ फेऱ्या मारताना, ते खरंही आहे. गडबड कमी होते आणि कान दमत नाही. गोची पुढे होते. कॉइलखाली अगदी हलका आवाज येतो. समजा बारा-पंधरा सेंटीमीटर खोल गेलेली बायकी अंगठी, किंवा मंगळसूत्राची वाटी. आपण काय करतो? थांबतो, आणि त्याच जागेवर आखूड आखूड फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत आवाज स्पष्ट, दुसऱ्यात मऊ, चौथ्या-पाचव्यात गायब. यंत्र बिघडलेलं नसतं. जमिनीतून सतत येणारा, सावकाश बदलणारा भाग वजा करत राहणं हेच ट्रॅकिंगचं काम. आपण तीच ती जागा पुन्हा पुन्हा दाखवल्यावर ते अंगठीलाही जमिनीतच धरतं आणि तिच्यासकट बॅलन्स करून टाकतं. माणूस ‘दगड असेल’ म्हणून पुढे जातो.

खात्री करायची असेल तर दोन पावलं मागे या, साध्या जमिनीवर दहा-बारा सेकंद कॉइल फिरवा आणि परत त्याच जागी जा. आवाज परत आला तर आधी तो ट्रॅकिंगने खाल्ला होता. जुन्या घराच्या चौथऱ्याजवळ तर आकड्यावरच दिसतं. तांबड्या मातीत ५५-६०वर असलेला आकडा खिळ्यांच्या गर्दीत घसरत २०कडे यायला लागतो, म्हणजे यंत्र जमिनीवर नाही, लोखंडावर बॅलन्स होतंय. अशा बॅलन्सवर पुढच्या दहा फेऱ्या वाया गेल्या समजा.

माझ्या लेखी तराजू इथे कलतो. बारीक, खोल वस्तू शोधताना जो आवाज सगळ्यात मोलाचा, नेमका तोच ट्रॅकिंग गिळतं. मोठ्या वस्तूंना याचा त्रास नाही. हद्दीची खूण म्हणून पुरलेला लोखंडी गज, गाडलेला जीआय पाइप, विहिरीच्या काठावर हरवलेला पाना, हे ट्रॅकिंगवरही वाजतातच. तुमचं काम एवढंच असेल तर हा सगळा काथ्याकूट सोडून द्या आणि ट्रॅकिंग चालू ठेवा.

घरी पडताळून पाहायचं तर साधी अंगठी घ्या, तिला नायलॉनची दोरी बांधा (दोरी विसरू नका), बारा सेंटीमीटर पुरा, दोरीचं टोक वर ठेवा. लॉकवर दहा फेऱ्या, ट्रॅकिंगवर दहा फेऱ्या, आखूड आणि एकाच जागी. बारीक साखळी मात्र परीक्षेला घेऊ नका. तिची प्रत्येक कडी यंत्राला वेगळी आणि चिमुकली दिसते, ती कुठल्याच सेटिंगवर नीट वाजत नाही. तुटलेल्या मंगळसूत्राचा शोधही म्हणूनच वाट्यांवर अवलंबून ठेवावा, साखळीवर नाही. शिवाय लोहयुक्त मातीत खोलवरच्या सोन्याचा आकडा (जमिनीचा नव्हे, वस्तूची ओळख सांगणारा) लोखंडाकडे घसरतो. लोखंडाचा पट्टा पूर्ण बंद केलात तर बॅलन्स कितीही अचूक असो, अंगठी मुकीच राहणार.

समुद्रावर हिशेब थोडा बदलतो. कोरडी वाळू सोपी, तिथे वाद नाही. ओल्या पट्ट्यात मीठ आहे, आणि रत्नागिरीजवळच्या मिऱ्या, काळबादेवी, मालगुंडसारख्या किनाऱ्यांवर त्यात इल्मेनाइटची काळी वाळू मिसळलेली. मिठाचा आकडा तळाला, काळ्या वाळूचा वर. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला एका वेळी एकच बॅलन्स करता येतो, मग तो लॉक असो वा ट्रॅकिंग. ट्रॅकिंग दोघांच्या मध्ये हेलकावे खातं. लॉक एकाला गप्प करतं आणि दुसरा ओरडत राहतो. इथे खरा उपाय एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र. पल्स इंडक्शन (सलग लहरींऐवजी तुटक स्पंद सोडणारं यंत्र) हेही मीठ आणि काळी वाळू दोन्ही निभावतं, पण त्याला लोखंड वेगळं काढणं जवळपास जमत नाही, आणि आपल्या किनाऱ्यांवरची बाटल्यांची बुचं, गळ आणि खिळे पाहता दिवसभर खणत राहायची तयारी हवी.

एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर लॉक लावून काम करायचंच असेल तर चालण्याची दिशा बदला. पाण्याकडून किनाऱ्याकडे येऊ नका, पाण्याला समांतर चाला. एका पट्ट्यात ओल जवळपास सारखी राहते. पट्टा संपला, वर सरकलात, की नव्याने जमीन पकडा. सेन्सिटिव्हिटी उतरवा, आणि कॉइल दोन-तीन सेंटीमीटर वर धरा. उलटं वाटतं, पण उंचीमुळे जितकी खोली जाते त्याहून जास्त जमिनीचा गोंगाट जातो. पाणी-वाळू-पाणी असं आडवंतिडवं फिरणाऱ्यासाठी मात्र ट्रॅकिंग बरं, हे मान्य करायला हवं.

बॅलन्सला शिव्या देण्याआधी एक गोष्ट तपासा. कॉइल हवेत स्थिर धरा. तरीही यंत्र बडबडत असेल तर दोष जमिनीचा नाही, वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचा किंवा जवळच्या मोटरचा आहे. फ्रिक्वेन्सी थोडी सरकवा. जमिनीवर फिरवल्यावरच बडबडत असेल तर बॅलन्स बघा. आणि जांभ्यात अकरा इंची कॉइलऐवजी सहा इंची डीडी (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली कॉइल) लावून पाहा. ती एका वेळी कमी माती बघते, त्यामुळे कुठलाही बॅलन्स लावा, तो जास्त वेळ टिकतो.

हे सगळं हरवलेल्या, मालक ठाऊक असलेल्या वस्तूंसाठी आणि आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या जमिनीवर. गडकिल्ल्यांवर आणि संरक्षित स्मारकांच्या जागेत डिटेक्टर घेऊन जाऊन खणायचं नाही. आणि मातीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर १८७८च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

म्हणून यंत्र निवडताना ट्रॅकिंग आहे का, हे मी दुसरा प्रश्न मानेन. पहिला प्रश्न हा: ट्रॅकिंग चालू असताना हलका आवाज आला, तर आकडा त्याच क्षणी गोठवता येतो का? काही यंत्रांत त्यासाठी मेन्यूत तीन पायऱ्या खाली उतरावं लागतं, आणि तोवर कॉइल हललेली असते, आवाज गेलेला असतो. काहींत एकच बटण असतं. यंत्र मुठीत घ्या, हात खाली सोडा, आणि ते बटण न बघता अंगठ्याखाली येतं का ते पाहा. येत असेल तर लांब फेऱ्या ट्रॅकिंगवर मारा, आवाज आला की अंगठा दाबा आणि आखूड फेऱ्या लॉकवर मारा. येत नसेल तर ट्रॅकिंगसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा, हाताने जमीन पकडायचं साधं यंत्र आणि वरच्या पैशांत ती सहा इंची कॉइल घ्या.