बारा ठोके कोण वाजवणार? मिश्र वाद्यगटासाठी ऑक्टोबरचं संगीत निवडताना

सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे उलटला की हॅलोविनपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणापर्यंत, हातात जेमतेम आठ आठवडे उरतात. आठवड्याला एक तालीम, त्यातली एक कोलंबस डेच्या सुट्टीत जाते, एक कुणाच्या तरी सर्दीत. आम्हा मराठी घरांत त्याच दिवसांत नवरात्र, कोजागिरी आणि बऱ्याच वर्षी दिवाळीही येते, म्हणजे सहा तालमी धड झाल्या तर नशीब. त्यामुळे 'काय छान वाटेल' यापेक्षा 'सहा तालमींत काय उभं राहील' हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

आमचा न्यू जर्सीतला गट सोळा जणांचा आहे. एका टोकाला जूनमध्ये व्हायोलिन हाती घेतलेली नऊ वर्षांची मुलगी, दुसऱ्या टोकाला अकरावीतली, तिसऱ्या-पाचव्या पोझिशनमध्ये (डावा हात वर सरकवून) आरामात फिरणारी मुलगी. मधे व्हायोलिनचीच मोठी, खालच्या आवाजाची भावंडं: दोन व्हिओला, तीन चेलो, एक डबल बास, आणि दादरला मांडी घालून हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकलेले एक काका. त्यांचा हात उत्तम, पण पाश्चात्त्य नोटेशन वाचायला ते आत्ता कुठे शिकताहेत. तुमचाही गट साधारण असाच असेल, तर पुढची तुलना तुमच्यासाठी.

कॅटलॉगमध्ये प्रत्येक रचनेसमोर अवघडपणाची ग्रेड छापलेली असते, अर्ध्यापासून सहापर्यंत. मिश्र, म्हणजे कच्चे-पक्के वादक एकत्र असलेल्या गटाला तिचा उपयोग थोडाच. ग्रेड दोनची रचना घेतली तर अकरावीतली मुलगी कंटाळते आणि जूनमधली मुलगी तरीही बुडते. माझी कसोटी वेगळी आहे. सगळ्यात कच्च्या वादकाला त्या रचनेत खरं, ऐकू येणारं काम आहे का? आणि सगळ्यात पक्क्या वादकाला घरी सरावाला बसावं असं काही आहे का? दोन्ही उत्तरं 'हो' आली, की मधले आपोआप सांभाळले जातात.

ग्रीग की सँ-साँस?

बहुतेक गट 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग'वर येऊन थांबतात. नॉर्वेच्या एडवर्ड ग्रीगने नाटककार इब्सेनच्या 'पेर ग्युंट' नाटकासाठी ती लिहिली, नाटक १८७६ मध्ये रंगमंचावर आलं. खुद्द ग्रीगला ही रचना ऐकवत नसे, तिला शेणाचा वास येतो अशा अर्थाचं त्याने एका मित्राला लिहून ठेवलंय. लोकांना मात्र ती पहिल्या चार सुरांत ओळखू येते, आणि शाळकरी मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आपण काय वाजवतोय ते समोरच्याला कळतंय, याने हात धीट होतात.

मूळ स्वर (पट्टी) बी मायनर. व्हायोलिनला तो सोयीचा आहे: ए तारेवरून सुरुवात, बोटांची ठेवण डी मेजरच्या पहिल्या धड्यातलीच. चेलोला मात्र खालच्या सप्तकात सी शार्पसाठी (सीपेक्षा अर्धा स्वर वर) हात ताणावा लागतो. म्हणून सोप्या आवृत्त्या बऱ्याचदा ई मायनरमध्ये असतात, आणि मिश्र गटाने तीच घ्यावी. चाल तिथे डी तारेवरून चढते. अडचण येते ती चाल अर्ध्या-अर्ध्या स्वराने घसरते तिथे. व्हायोलिनवाल्यांना एफ शार्पचं तेच दुसरं बोट मागे ओढून एफ वाजवावा लागतो, आणि नवशिकं बोट हमखास अर्ध्या वाटेत थांबतं. चेलोवाल्यांना तिथे सरळ वेगळं बोट आहे, म्हणून ते सुरात आणि व्हायोलिनं बेसूर असं उलटं चित्र दिसतं. पहिल्या दोन तालमींत हे होणारच, तेव्हा घाबरू नका.

खरा धोका वेगाचा. ही रचना म्हणजे एकच चाल, आधी दबक्या पावलांनी, मग चालत, मग धावत, शेवटी चेंगराचेंगरीत. मिश्र गटात पक्के वादक पुढे पळतात, कच्चे मागे पडतात आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोन वेगवेगळे गट वाजत असतात. यावर मला एकच उपाय सापडला आहे: शेवटच्या पानावर कच्च्या वादकांनी चाल सोडून द्यायची आणि फक्त ठोक्यावर मोकळी तार ओढायची. छापील पार्टमध्ये (प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या कागदात) हे नसतं, पेन्सिलीने लिहून द्यावं लागतं. लिहून दिलं तर वादक ते मनावर घेतात. तोंडी सांगितलं तर 'मला जमत नाही म्हणून सोपं दिलं' असं वाटतं.

आता फ्रेंच संगीतकार सँ-साँसचं 'दान्स माकाब्र', १८७४. मध्यरात्री मृत्यू व्हायोलिन वाजवतो, थडग्यांतून सांगाडे बाहेर येऊन नाचतात, कोंबडा आरवला की सगळे परत. वेताळाच्या पालखीची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला यात परकं काही नाही. आमच्या पोरांना मी तशीच सांगितली.

बहुतेक लोक हे नाव ऐकूनच मागे हटतात. मूळ रचना सात मिनिटांची, मोठ्या वाद्यवृंदाची, हाडांच्या खडखडाटासाठी झायलोफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) असलेली. पण तिची सुरुवात बघा. हार्पवर एकच डी स्वर, एकामागून एक बारा वेळा: घड्याळाचे बाराचे ठोके. डी ही मोकळी तार व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास या चारही वाद्यांवर आहे. म्हणजे जूनमध्ये सुरुवात केलेली मुलगी या रचनेची पहिली बारा मापं (बार) वाजवू शकते. सगळं सभागृह गप्प असताना, एकटी, गज खाली ठेवून, बोटाने तार छेडत. तिला फक्त मोजायचंय, आणि मोजताना तिच्या चेहऱ्यावर जो ताण येतो तो अभिनयाने आणता येत नाही.

मग येतो मृत्यूचा व्हायोलिन. सँ-साँसने एकल वादकाला ई तार अर्धा स्वर उतरवून ई फ्लॅटला (ईच्या अर्धा स्वर खाली) लावायला सांगितलंय. ए आणि ई फ्लॅट या दोन मोकळ्या तारा एकत्र ओढल्या की ते भीषण अंतर ऐकू येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज आणि तीव्र मध्यम, मधे पंचमाचा आधार नाही. आमच्या गटात तार उतरवायची म्हटल्यावर अकरावीतल्या मुलीच्या कपाळावर आठ्या आल्या. काका मात्र हसले, कारण 'सा'च्या हिशोबाने तारा लावणं हे त्यांचं रोजचं काम. तार उतरवायची असेल तर दुसरं वाद्य हाताशी ठेवा. मधेच उतरवलेली तार दहा मिनिटं तरी सरकत राहते. ते नको असेल तर डी तारेवर पहिलं बोट मागे ओढून ई फ्लॅट घ्या आणि शेजारी मोकळी ए. अंतर उलटं झालं तरी सहा अर्धस्वरांचंच राहतं, भीती तेवढीच.

लय तीनची आहे आणि ती वाढत जात नाही, म्हणून ग्रीगसारखी फाटाफूट होत नाही. इथे अवघड आहेत ती मधली पानं. एकच चाल वेगवेगळ्या वाद्यांत फिरते, आणि कुणाची पाळी कधी हे व्हिओलावाल्यांना कळेपर्यंत चार तालमी जातात. संपूर्ण रचनेचा हट्ट धरू नका. तीन-चार मिनिटांची सोपी आवृत्ती घ्या, पण त्यात बारा ठोके आणि शेवटचा कोंबडा आहे ना हे आधी पाहा. काही आवृत्त्यांत ठोके कापून थेट चालीवर येतात, आणि मग विकत घेण्यासारखं काही उरत नाही.

दोन्हींतून एकच घ्यायची तर: गटात एक खरोखर पक्का व्हायोलिनवादक आणि बरेच नवशिके असतील तर सँ-साँस. सगळे साधारण मधल्या पातळीवर असतील, एकल वाजवायला कुणी धजत नसेल, तर ग्रीग. माझं झुकतं माप कुठे आहे ते वर दिसलंच असेल.

तिसरा, ज्याला कुणी विचारत नाही

फ्रेंच संगीतकार गुनोची 'फ्यूनरल मार्च ऑफ अ मॅरियोनेट', म्हणजे कठपुतळीची अंत्ययात्रा. १८७२ मध्ये पियानोसाठी, पुढे १८७९ मध्ये वाद्यवृंदासाठी. एक बाहुली मोडते, तिची मिरवणूक निघते, आणि वाटेत शोक करणारे खानावळीत शिरून खाऊन-पिऊन घेतात. रहस्यपटांच्या हिचकॉकच्या १९५५ पासूनच्या टीव्ही मालिकेची हीच धून, त्यामुळे इथली अमेरिकन आजी-आजोबा मंडळी लगेच खुलतात. सहाची लय आहे. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलांना 'दादरा धरा' एवढं म्हटलं की पुरतं. वेग संथ, चाल तुटक. मात्र त्या तुटकपणातच कस लागतो: स्वरांमधली शांतता सगळ्यांनी सारखी मोजली नाही तर विनोद मरतो. नवशिक्यांसाठी बरी, पक्क्यांसाठी थोडी कंटाळवाणी.

बाखच्या डी मायनर टोकाटाचा मोह सगळ्यांना होतो. पहिली ओळ सगळ्यांनी मिळून वाजवली तर अंगावर काटा येतो, पुढच्या धावत्या ओळींत निम्मा गट गळतो. मुसोर्ग्स्कीच्या 'नाइट ऑन बाल्ड माउंटन'ला तर मी हातच लावत नाही. एक तर ती अवघड, आणि दुसरं म्हणजे त्यातली चेटकिणींची रात्र सेंट जॉनची, म्हणजे जूनमधली.

भुतं नको असतील तर

काही घरांना हॅलोविन नको असतं, काही सभागृहांनाही. तेव्हा ऋतूकडे वळायचं. विवाल्दीचा 'ऑटम' (१७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या संचातला) विरुद्ध चायकोव्स्कीचा 'ऑक्टोबर' (१८७६ पर्यंत पुऱ्या झालेल्या बारा महिन्यांच्या पियानोमालिकेतला).

विवाल्दीचं पहिलं अंग (तीन भागांतला पहिला) सुगीचा नाच आहे. प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने, मग हळू. म्हणजे एक वाक्य शिकलं की दोन वाजतात, आणि मुलांना हा सौदा आवडतो. मूळ स्वर एफ मेजर, त्यात चेलोच्या बी फ्लॅटला पहिलं बोट मागे ताणावं लागतं, तेव्हा नवशिक्यांसाठी डी किंवा जी मेजरची आवृत्ती शोधा. एकल भाग अकरावीतल्या मुलीला महिनाभर पुरतो. दुसऱ्या अंगात दारू पिऊन झोपलेले गावकरी आहेत: तारांवर आवाज दबवणारा म्यूट, लांब लांब स्वर. दिसायला सोपं, पण नवशिक्याचा गज लांब स्वरावर थरथरतो. ते मोठ्यांच्याच गटाला द्यावं. तिसऱ्या अंगात शिकार, आणि जोडीच्या कवितेत शेवटी जखमी जनावर मरतं. भुतं नकोत म्हणून विवाल्दी घेतला तरी मरण येतंच.

चायकोव्स्कीच्या 'ऑक्टोबर'ला जोडलेल्या ओळींत पिवळी पानं वाऱ्यावर उडतात. आपल्याकडे पानगळ शिशिरातली, म्हणून हा महिना आणि हा शब्द जुळवायला मला इथे काही वर्षं लागली. डी मायनर, संथ, वरची चाल आणि तिला खालून उत्तर देणारी दुसरी. तंत्राने सोपी, पण लय श्वासासारखी ताणते-सैलावते, आणि नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगून कळत नाही. तुमच्या गटात चांगला चेलो असेल आणि बहुतेक जण चाळिशीपुढचे असतील, तर डोळे मिटून ही घ्या. मुलं जास्त असतील तर विवाल्दी.

विकत घेण्याआधी

या मूळ रचना हक्कमुक्त आहेत, पण त्यांच्या आजच्या सोप्या आवृत्त्या नाहीत. एक संच विकत घेऊन सोळा प्रती काढू नका. गटात व्हिओला कमी असतील तर संचात 'थर्ड व्हायोलिन'चा पार्ट आहे का ते बघा, त्यात व्हिओलाचीच ओळ व्हायोलिनच्या लिपीत दिलेली असते. आमच्या काकांना मी तोच पार्ट देते: वरच्या तारेचं टेन्शन नाही, आणि मधला आवाज भरून निघतो.

वेशभूषेचं पहिल्याच तालमीत ठरवून टाका. मुखवटा चालत नाही, कारण हनुवटी टेकत नाही आणि समोरचा हात दिसत नाही. चेटकिणीच्या झग्याची रुंद बाही गजात अडकते. खोटं रक्त भाड्याच्या वाद्यावर सांडलं तर पैसे खरे जातात. टोपी चालते. गेल्या वर्षी बारा ठोके वाजवणाऱ्या मुलीने डोक्यावर पुठ्ठ्याचं घड्याळ लावलं होतं, काटे बाराच्या जागी चिकटवलेले. तेरावा ठोका तिने वाजवलाच, पण तोवर व्हायोलिन सुरू झालं होतं.