लोणा लागलेल्या भिंतीचा रंग: आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घराची आतली खोली रंगवून घेतली. आता नोव्हेंबर आहे. मधे आख्खा पावसाळा गेला म्हणून आत्ता लिहितेय. रंग दिल्या दिल्या सगळ्याच भिंती छान दिसतात.

खोली १० बाय ११ ची. तिची एक भिंत आमची आणि शेजारच्यांची मिळून एकच. तिला जमिनीपासून कमरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारे क्षार, लागलेला: पांढरी भुकटी, फुगलेले पोपडे, हात लावला की भुगा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका रंगाऱ्याने वरवर पत्रा फिरवला, लगेच पुट्टी भरली आणि तिसऱ्या दिवशी रंग देऊन मोकळा झाला. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे परत आले. सासूबाईंचा पलंग त्याच भिंतीला लागून, त्यांच्या उशीवर पांढरं पडायचं. ते बघून फार वाईट वाटायचं.

या वेळचे मिस्त्री आले तेव्हा शेडकार्ड उघडलंच नाही. बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेले. जिथे टणक आवाज आला तिथे गिलावा धरलेला, जिथे ढबढब वाजलं तिथे पोकळ. पोकळ जागांना खडूने गोल केले आणि म्हणाले, "ताई, आधी पाणी कुठून येतंय ते शोधू. पुट्टीने ओल थांबत नाही." पाणी निघालं शेजारच्या काकूंच्या मोरीतल्या पाइपच्या जोडातून. काकूंनी दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला, त्यांचे मनापासून आभार.

मग पोकळ गिलावा विटेपर्यंत फोडला आणि तारेच्या ब्रशने क्षार कोरडेच झाडले. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले तर मिस्त्रींनी थांबवलं. क्षार पाण्यात विरघळून परत भिंतीत शिरतात आणि भिंत वाळताना पुन्हा बाहेर येतात. नवा गिलावा वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून केला, सात दिवस पाणी मारलं आणि मग नुसतं थांबलो.

हे थांबणंच सगळ्यात जड गेलं. पलंग हॉलमध्ये, घरभर पसारा. भिंत वाळली की नाही हे बघायला फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. दोन आठवड्यांनी लावलं तर प्लास्टिकच्या आतून बारीक थेंब धरले होते. वरून कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत आतून ओली होती! पाचव्या आठवड्यात प्लास्टिक कोरडं निघालं. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा कामी आली. हेच काम जुलैत काढू नका.

बाकीच्या तीन भिंतींवर जुनं डिस्टेंपर होतं. तळहात फिरवला की पांढरा व्हायचा, म्हणून तेही भिजवून खरवडलं. दाराच्या चौकटीवरचा ऑइलपेंट बराच जुना. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, त्याआधीच्या रंगाचा काय भरवसा! शिशाची धूळ उडू नये म्हणून चौकट ओली करूनच घासली आणि धाकट्याला तेवढे दोन दिवस मामाकडे पाठवलं.

पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घेतली. भिंत ओलसर करून दोन पातळ हात दिले. ती दोन-तीन तासांत घट्ट होते म्हणून थोडी थोडीच कालवायची. मग १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर. घासताना बल्ब भिंतीला लागून आडवा धरला की दिवसा न दिसणारे खड्डेही दिसतात. सगळी धूळ पुसून मगच प्रायमर.

प्रायमर कशाला, हे मला एका थेंबात कळलं. नुसत्या पुट्टीवर पाण्याचा थेंब सोडला तर भिंतीने तो क्षणात पिऊन टाकला. प्रायमर वाळल्यावर त्याच जागी सोडला तर तो तसाच उभा राहिला. प्रायमर नसता तर नवी पुट्टी आणि जुना गिलावा, दोघांनी रंग कमीजास्त प्यायला असता आणि डाग उठले असते. लोणा लागलेल्या भिंतीला प्रायमरचे दोन हात दिले, बाकीच्यांना एक. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापून.

आज ती भिंत एकसारखी आहे. ऐन ऑगस्टमध्ये रोज हात फिरवून बघायचे, भुगा नाही, पोपडा नाही. कपाट मात्र आता भिंतीपासून चार बोटं लांब ठेवते, मागे हवा खेळायला.

एक जागा बिघडली, खिडकीखालची. तिथली केसाएवढी भेग व्ही आकारात न उकरता वरूनच पुट्टीने बुजवली होती. घाई माझीच होती, मिस्त्री नको म्हणत होते. सप्टेंबरात भेग परत दिसली आणि तळहाताएवढा रंग फुगला. पाऊस बाहेरून खिडकीच्या कठड्याच्या सांध्यातून येत होता. सांधा बाहेरून भरून घेतलाय, आतला फुगलेला रंग खरवडून तिथे प्लास्टिक लावलंय. काल बघितलं तर अजून दोन-तीन थेंब होते, त्यामुळे पुट्टीची पिशवी तशीच बांधून ठेवली आहे.